निळं ब्रॅकेट

श्रावणभाऊ उंदिरवाडे पहिल्या भेटीत तुम्हाला आवडणार नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मलाही आवडले नव्हते. चामोर्शीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. तिथे गाडी नेली की आधी बोलणी खायची, मग काम. कोणी बोलेरोला जादा हॉर्न लावून मागितला की म्हणणार, "आंगात दम नाई, मून हॉर्न पायजे." कोणी ट्रॅक्टरवर गाण्याचे डबे बसवायला आला की हातातला पाना टेबलावर आपटून त्याला सरळ रस्त्यावर काढणार. सत्तावन्न वर्षांचा हडकुळा माणूस, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, आणि आवाज बसस्टँडपर्यंत जाणारा. त्यांची बायको सत्यशीलाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या म्हणतात, "दिवसातून चारदा कोनावर तरी खेकसल्याबिगर यायले जेवन जात नाई."

मी रिना, नर्स. सात वर्षांपासून फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर आहे. गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली कॅम्पर. जंगलातल्या वाटा, चिखल, दगड, नाले, जिथे बस जात नाही तिथे ती जाते. बत्तीस गावं आमच्याकडे. गाड्या चालवण्याचं कंत्राट एका एजन्सीकडे आहे. एजन्सीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर माझी नोकरी जाईल, आणि ती गेली तर रोज सकाळी मी जे एक काम करते ते करायला कोणी उरणार नाही. ते काम कोणतं ते पुढे येईलच.

आमच्या गाडीत मागे बाळाला गरम ठेवणारी पेटी आहे आणि ऑक्सिजनचं मशीन आहे. दोन्ही विजेवर चालतात. गाडीत वीज बनवतो तो अल्टरनेटर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक लहानसा डबा. कंपनीनं तो गाडीपुरता दिलेला असतो, दिवे लागावेत आणि बॅटरी भरावी एवढ्यासाठी. आमच्या एजन्सीनं पेटी बसवली, मशीन बसवलं, फुलांचा हार घातला, फोटो काढले. ही सगळी वीज येणार कुठून, हे एकानंही विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. नवीन गाडी मिळाली याच आनंदात होतो आम्ही.

उत्तर मिळालं ते दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये. कोसमटोल्याची कुंता घरीच बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधी. पहिलीच खेप. मुलगी, वजन दीड किलो. तिचा नवरा इस्तारी सायकलनं दुसऱ्या गावापर्यंत आला, तिथे मोबाइलला रेंज मिळाली तेव्हा आम्हाला कळलं. दुपारी बाराला आम्ही तिला आणि बाळाला घेऊन निघालो. सहा किलोमीटरवर नाला. पाणी रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरून, कमरेएवढं चाललेलं. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

ड्रायव्हर सुरेंद्रनं इंजिन चालू ठेवलं. पेटी चालू होती, मशीन चालू होतं. पाऊण तासानं मशीन टीं टीं करायला लागलं. सुरेंद्र रेस देत राहिला, पण उभ्या गाडीत किती देणार? दीडच्या सुमारास दोन्ही बंद पडली. ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीत होता आणि तो रिकामा होता, कारण भरून आणायची मंजुरी महिनाभर वर कुठेतरी पडून होती. मी बाळाला कुंताच्या उघड्या छातीशी बांधलं. ऊब तिथून मिळाली. हवा मी हातातला फुगा दाबून देत राहिले. सव्वातीनला पोरगी गेली. चारला पाणी उतरलं.

कुंता रडली नाही. नाला ओलांडताना तिनं मला एवढंच विचारलं, "मशीन होती ना बाई गाडीत?"

अहवालात मृत्यूचं कारण 'कमी वजन' असं लिहिलं गेलं. ते माझ्याच हातानं लिहिलं, कारण त्या रकान्यात लिहायला दुसरं काही चालत नाही.

चार दिवसांनी सुरेंद्र गाडी घेऊन श्रावणभाऊंकडे गेला. मी बरोबर होते. सुरेंद्र म्हणाला की बॅटरी खराब आहे, बदलून द्या. भाऊंनी बॉनेट उघडलं, मागे जाऊन पेटी पाहिली, मशीन उलटं करून त्याच्या बुडावरचे आकडे वाचले, आणि माझ्यावरच ओरडले.

"कोनं बसवलं हे? बॅटरीले काई झालं नाई. ह्या गाडीत कमावनारा एक आन खानारे चार. उभ्या गाडीत तं तो एक बी अर्धाच कमावते. किती वेळ उभे होते तुम्ही?"

"साडेतीन तास," मी म्हणाले.

"मंग? काय झालं?"

सुरेंद्रनं सांगितलं काय झालं ते. भाऊंनी बॉनेटमध्ये हात घालून इंजिनाच्या कडेची जागा चाचपली. मग आवाज न चढवता म्हणाले, "गाडी पाच दिवस इथीच राहू द्या. दुसरा अल्टरनेटर बसवतो."

ते पाच दिवस मी रोज दुकानात जात होते, कारण गाडी नाही तर मला काम नाही. म्हणून मी ते काम पाहिलं आहे आणि त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. दुसरा अल्टरनेटर त्यांनी भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा आणला आणि आतली तांब्याची तार सगळी नव्यानं गुंडाळली. पण खरं काम ते नव्हतं. तो बसवायचा कुठे? कंपनीनं जागाच ठेवलेली नाही. इंजिनाच्या कडेला चार रिकामी भोकं होती, तिथे बोट घालून घालून त्यांनी माप घेतलं, जाड लोखंडी पाटी कापली, आणि तो डबा धरून ठेवणारं ब्रॅकेट हातानं घडवलं. मग पट्ट्याची चाकं एका रेषेत आणायची. त्यासाठी ते सत्यशीलाबाईंच्या शिलाई मशीनचा पांढरा दोरा घेऊन आले. एका चाकाच्या तोंडापासून दुसऱ्या चाकाच्या तोंडापर्यंत दोरा ताणायचा आणि डोळा बारीक करून पाहायचं. दोऱ्यात आणि चाकात केसाची फट दिसली की ब्रॅकेट काढलं, कानस मारली, परत बसवलं. असं सात वेळा. आठव्यांदा मी म्हटलं, "भाऊ, एवढ्यानं काय होते?" तर म्हणाले, "बाई, तुम्ही सुई देतानी एवढ्यानं काय होते म्हनता का?"

सगळं जमल्यावर त्यांनी ब्रॅकेट काढून निळा रंग मारला. ऑइलपेंटचा भडक निळा. ते प्रत्येक ब्रॅकेटला निळाच मारतात. चामोर्शीपासून घोटपर्यंत कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडा, निळं लोखंड दिसलं की समजायचं हे श्रावणचं. मी विचारलं, निळाच काऊन? म्हणाले, "इंजनात सगळं काळं असते. निळं झटकन दिसते. लोखंडाले केसावानी तडा गेला तरी रंग फाटते आन खालचा गंज दिसते. तडा वेळेवर दिसला तं बदलता येते. काळ्यावर काई दिसत नाई, मंग एक दिवस तुटूनच हातात येते."

दुसरं कारण त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुकानात बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या चौकटीलाही तोच निळा होता. मला वाटलं, डब्यात उरला असेल.

शेवटच्या दिवशी दुकानासमोर गाडी उभी करून, इंजिन हळू चालू ठेवून, पेटी आणि मशीन दोन्ही सुरू केली. सकाळी दहा ते दुपारी तीन. भाऊ स्टूल टाकून मीटरच्या काट्याकडे पाहत बसले. डबा तापला का, हे दर अर्ध्या तासानं हात लावून पाहत होते. पाच तासांत काटा हलला नाही. तेव्हा त्यांनी सुरेंद्रला बोलावून बजावलं, "आता मशीनची बॅटरी अलग, गाडीची अलग. एकीनं दुसरीचं खायचं नाई. पन इंजन बंद केलं तं दोन काय, दहा अल्टरनेटर लावले तरी फुकट. समजलं का?" सुरेंद्रला समजलं होतं. तो नाल्यावर होता.

पुढच्या पावणेदोन वर्षांत आमच्या गाडीत सहा कमी वजनाची बाळं आली. सहाही दवाखान्यात जिवंत पोचली. मी भाऊंना प्रत्येक वेळी सांगायला जायची. ते म्हणायचे, "मंग का पेढे वाटू? पट्टा पाह्यला का? ढिला पडला असन."

या वर्षी कुंताला परत दिवस गेले. तपासणीला आली तेव्हा तिनं वजनाच्या काट्यावर उभं राहूनच सांगून ठेवलं, "यंदा त्याच गाडीनं नेजा बाई." मी तिला शब्द दिला. तिचं रक्त कमी होतं, बाळ लहान दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, हेही लवकर येऊ शकतं. मी म्हटलं, येऊ द्या, गाडी तयार आहे.

आठवा महिना लागता लागता, जुलैमध्ये, गाडी वार्षिक तपासणीसाठी (गेल्या वर्षी ती कागदावरच उरकली होती) एजन्सीच्या आवारात गेली. परत आली ती दुसऱ्या अल्टरनेटरशिवाय. डबा, ब्रॅकेट, पट्टा, बोल्ट सगळं एका पोत्यात भरून मागे टाकलेलं. कागदावर वाहन अधिकारी बापूराव यांच्या सहीनं लिहिलेलं: 'अनधिकृत व ढिली जोडणी. धोकादायक. काढून टाकली.'

ढिली. हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. आणि फिरलं कोणावर? श्रावणभाऊंवर! त्या दिवशी बाजार होता, दुकानात चार गिऱ्हाईकं बसलेली. मी पोतं घेऊन आत शिरले आणि सगळ्यांसमोर सुरू झाले. "भाऊ, तुमच्या भरोशावर मी बायांले शब्द देऊन बसली आन तुम्ही ढिलं काम करून ठेवलं? त्या कुंताले आता काय सांगू मी?"

गिऱ्हाईकं सरसावून बसली. श्रावणला कोणी बोलतंय म्हणजे तमाशा होणार. पण भाऊ ओरडले नाहीत. त्यांनी पोतं ओतलं, बोल्ट एका ओळीत मांडले, चष्मा वर करून एकेक पाहिला. मग एक माझ्या हातात दिला.

"हे पाहा. डोक्याचे कोने सोलले हायत. पाना घसरून घसरून सोलले. ढिला बोल्ट असा सोलत नाई, तो बोटानं निंघते. हे घट्ट होतं, बाई. खोलनाऱ्याचा घाम निंघाला असन."

"मंग काढलं काऊन?"

"रंग पाहून काढलं."

मी काय म्हणाले ते लिहायची मला लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाले जिथीतिथी तेच दिसते."

आमचं घर ढिवरांचं. बाप तलावात जाळं टाकून जगला, आम्हीही काही गादीवर वाढलो नाही. पण हे वाक्य आमच्या घरात, आमच्या गल्लीत, इतक्या सहज बोललं जातं की तोंडातून निघताना जिभेला लागतही नाही.

"हो, मले दिसते," भाऊ म्हणाले. "तुम्हाले दिसत नाई, काऊन का तुम्हाले कोनी दाखवत नाई." आणि ते समोरच्या मोटरसायकलचा दिवा खोलायला लागले.

मला त्यांना खोटं पाडायचं होतं, हे कबूल करते. दुसऱ्याच दिवशी चामोर्शीहून चंद्रपूर आणि तिथून भद्रावतीकडची बस धरून मी एजन्सीच्या आवारात गेले. बापूराव बाहेरच भेटले, स्वतःच्या जीपजवळ. त्या जीपच्या टपावर सात दिवे, पुढे दोरखंड ओढायचं यंत्र, सगळं जादा बसवलेलं. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत देवाचं स्टिकर.

मी म्हटलं, "सर, ते बोल्ट तं घट्ट होते."

"अहो सिस्टर, काम एक नंबर होतं!" ते हसत म्हणाले. "आमच्या फिटरला दोन तास लागले खोलायला."

"मग ढिलं काऊन लिहिलं?"

"काहीतरी लिहावं लागतं. बॉनेट उघडलं की निळंभडक. उद्या वरचा कोणी पाहणीला आला, फोटो निघाला, तर म्हणेल ही गाडी कोणाची आहे नेमकी? कोणाकडून करून घेतलं ते रंगावरून कळतंच की. गाडीत असलं राजकारण कशाला आणायचं?"

"आन काळा रंग मारला तर?"

"तर आणा ना. मी 'योग्य' लिहून देतो. माझं काय बाळांशी वैर आहे?"

श्रावणभाऊंसमोर चार गिऱ्हाईकांदेखत माझं तोंड चाललं होतं. इथे मी काय म्हणाले? "बरं सर" म्हणाले. वर त्यांनी दिलेला चहा प्यायले. परतीच्या बसमध्ये भद्रावतीपासून चंद्रपूरपर्यंत मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई सरकून बसली. मनातल्या मनात देत होते, पण ओठ हलत असावेत.

भाऊंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या चहासकट. ऐकून घेतल्यावर मात्र ते फुटले.

"नाई मारत काळा. काऊन मारू? चंद्रपुरात, ऊर्जानगरच्या रस्त्यावर, एका गॅरेजात अठरा वर्सं होतो मी. काम माह्यं, नाव मालकाच्या साळ्याचं. गिऱ्हाईक आलं का मले मांगं पाठवे. गिऱ्हाईक विचारे, कोनं केलं? तं तो साळा पुढं होऊन हात मिळवे. माह्या हाताले ग्रीस आन त्याच्या हाताले शाबासकी! हे दुकान टाकलं तं पह्यला डबा निळ्या रंगाचा आनला, पाने मंग आनले. श्रावणनं केलं हे लोकायले दिसलंच पायजे. आन तडा? काळ्यावर तडा कोनाच्या बापाले दिसन?"

"भाऊ, कुंताचे दिवस कधीबी भरतीन."

"मंग त्या बापूरावले सांगा ना!" ते इतक्या जोरात ओरडले की समोरच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. "मले काऊन सांगता? गाडी त्यायची, पाप त्यायचं, आन समजदारी मीच काऊन दाखवू? सगळे मलेच काऊन सांगते?"

मी निघून आले.

दहा-बारा दिवस तसेच गेले. पोतं दुकानात, गाडी रस्त्यावर, आणि मी रोज सकाळी आभाळाकडे पाहून निघायची. मी वर अर्ज केला. त्याला उत्तर आलं की आपला अर्ज वाहन अधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. म्हणजे बापूरावांकडेच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कुंता तपासणीला आली. पोट घेऊन ती बाजारात चालत होती, इस्तारी मागे पिशवी धरून. दम लागला म्हणून ती टेकली ती नेमकी श्रावणभाऊंच्या दुकानापुढच्या बाकावर. मी तिला मुद्दाम नेलं नव्हतं, हे शपथेवर सांगते. पण बसल्यावर उठवलंही नाही, हेही सांगते.

टेबलावर ते निळं ब्रॅकेट पडलं होतं. तिनं विचारलं, "हे होय का बाई ते, ज्याच्यानं मशीन चालते?"

मी हो म्हटलं. तिनं ते उचलून पाहिलं. जड होतं. मांडीवर ठेवलं.

"भाऊ, त्या खेपेले हे असतं तं माही पोरगी राह्यली असती ना?"

श्रावणभाऊ खोटं बोलत नाहीत, तेवढा एक गुण सगळे मान्य करतात. ते म्हणाले, "पोरीचं सांगता येत नाई, बाई. मशीन चालू राह्यली असती."

"यंदा चालन ना?"

भाऊंनी पायात चपला घातल्या आणि समोरच्या रंगाच्या दुकानात गेले. पंधरा वर्षं निळा देणाऱ्या दुकानदार लटारूनं न विचारताच निळा डबा काढून ठेवला. भाऊ म्हणाले, "काळा दे." लटारूनं विचारलं, "काळा? काऊन गा?" यावर भाऊंनी त्याला जी शिवी हासडली ती मी इथे लिहू शकत नाही. लटारूचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतः जाऊन त्याला तसं सांगितलं, पण त्या क्षणी हाताशी तोच होता.

निळा खरवडून काढायला ते बसले नाहीत. निळ्यावरच काळा मारला. केसाची फट न खपणारा माणूस ब्रश कसाही फासत होता. कुंता बाकावर बसून पाहत होती. तिला वाटलं, रंग मारल्याशिवाय ते चालत नसावं. ती मला हळूच म्हणाली, "निळा चांगला दिसत होता वो."

संध्याकाळपर्यंत डबा गाडीवर चढला. परत दोरा ताणला, परत कानस, काही कमी केलं नाही. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझं बोट धरून बॉनेटमध्ये घातलं. "इथून इथवर. रोज सकाळी, इंजन थंडं असतानी. नख फिरवा लागन. तडा असला तं नख अडकते. डोळे तं नेले त्यायनं, आता नखानंच पाहा लागन. नख अडकलं का गाडी जागची हालवू नका, मले फोन करा."

बापूरावांनी गाडी पाहिली, पाठ थोपटली. श्रावणभाऊंची नाही, गाडीची. "आता कसं कंपनीचं वाटतं," म्हणाले आणि 'योग्य' असं लिहून दिलं. महिन्याभरानं एजन्सीचं पत्रक निघालं. त्यात होतं, दुर्गम भागातल्या वाहनात एजन्सीच्या पुढाकारानं दुसरा अल्टरनेटर बसवण्यात आला. फोटोत बापूराव उघड्या बॉनेटजवळ उभे आहेत, हात कमरेवर. मी ते पत्रक भाऊंना दाखवलं नाही. त्यांनी पाहिलेलंच होतं. वडे बांधून आलेल्या त्याच कागदावरचं तेल ते बोटानं पुसत होते. "साळा बदलला फक्त," म्हणाले.

कुंता पत्रक निघायच्या आधीच बाळंत झाली, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. पुन्हा दिवस भरायच्या आधी, पुन्हा घरी, पुन्हा मुलगी. एक किलो सहाशे. आणि पुन्हा तोच नाला. पाणी रपट्यावर. सुरेंद्रनं गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पेटी चालू केली, मशीन चालू केलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पाऊण तास झाला. दीड तास झाला. मी मशीनकडे पाहत नव्हते, बाळाच्या छातीकडे पाहत होते. कुंता मशीनकडेच पाहत होती. अडीच तासांनी तिनं मला विचारलं, "बंद होत नाई ना हे?" मी म्हटलं, "नाई." पावणेतीनला पाणी उतरलं. मशीन चालूच होतं. नाला ओलांडल्यावर कुंता रडायला लागली, ती दवाखान्याच्या दारापर्यंत रडतच होती. दोन वर्षांचं होतं ते.

तिची पोरगी आता चार किलोच्या वर आहे. तिला घेऊन कुंता दुकानात गेली होती. भाऊ पोरीकडे पाहून म्हणाले, "एवढीशीसाठी एवढी बोंबाबोंब!" आणि मग गिऱ्हाईकावर खेकसले.

गोष्ट इथे चांगली संपली, असं ज्यांना वाटतं त्यांनी उद्या सकाळी साडेसहाला आमच्या गाडीजवळ यावं. मी बॉनेट उघडते. हातमोजा काढते, कारण मोज्यातून कळत नाही. काळ्या लोखंडावरून अंगठ्याचं नख फिरवते, वरून खाली, मग वळणावर, मग चारही बोल्टांभोवती. जिथे तडा दुरून डोळ्यांना दिसला असता, तिथे मी आंधळ्यासारखी चाचपते. इंजिनाच्या तापानं काळ्याच्या कडा आता सुटायला लागल्या आहेत आणि खालून निळा दिसतो. ते पत्रक निघाल्यापासून दर महिन्याला बापूरावांची पाहणी असते. म्हणून गाडीत औषधांच्या खोक्यामागे मी काळ्या रंगाची एक डबी ठेवली आहे आणि एक लहान ब्रश. निळं दिसलं की मीच झाकते, मीच, जिनं त्यांना 'तुम्हाले जिथीतिथी तेच दिसते' म्हटलं होतं. झाकताना आता मलाही दिसतं. हात धुते, नखातला काळा निघत नाही, आणि तसंच नख घेऊन मी दिवसभर लोकांच्या बाळांना हात लावत फिरते.